सेरामपूरचे विल्यम कॅरी

इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात १७ ऑगस्ट १७६१ रोजी विल्यम कॅरी यांचा जन्म झाला. वडील एडमंड आधी हातमागावर कापड विणीत. पुढे गावच्या शाळेचे मास्तर झाले. घरात पुस्तके थोडी, पण मुलाला झाडपाला, किडे आणि पक्षी जमविण्याचा नाद विलक्षण. त्याच्या खोलीत या जिवंत ऐवजाखेरीज पाऊल ठेवायला जागा नसे. उन्हाने अंगावर चट्टे उठत, म्हणून शेतकाम जमेना. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला एका चर्मकाराकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. चामडे कापता कापता हा मुलगा लॅटिन शिकला, मग ग्रीक, हिब्रू, डच आणि फ्रेंच. त्याला शिक्षक असा फारसा कोणी लाभलाच नाही.

पुढे गव्हर्नर जनरलच्या मेजवानीत एका लष्करी अधिकाऱ्याने, कॅरींना ऐकू जाईल अशा बेताने, हे गृहस्थ पूर्वी जोडे तयार करीत असत ना, अशी पृच्छा केली. कॅरींनी शांतपणे चूक दुरुस्त केली: जोडे तयार करण्याइतकी आपली योग्यता नव्हती, आपण जुने जोडे सांधीत असू. ही हकिगत त्यांच्या प्रत्येक चरित्रात येते, आणि ती येणे योग्यच आहे.

१७८१ साली त्यांचा विवाह डॉरथी प्लॅकेट यांच्याशी झाला. डॉरथी वयाने पतीपेक्षा काही वर्षांनी वडील आणि निरक्षर होत्या; विवाहाच्या नोंदवहीत त्यांनी सहीऐवजी खूण केली. मोल्टन गावी कॅरी बाप्टिस्ट पंथाच्या लहानशा मंडळीचे पाळक झाले आणि पोटासाठी शाळाही चालवू लागले. शिस्त लावण्याच्या बाबतीत हे मास्तर अगदीच मवाळ होते. मात्र भूगोल ते जीव ओतून शिकवीत. चामड्याचे रंगीत तुकडे शिवून त्यांनी पृथ्वीचा गोल तयार केला होता. कॅप्टन कुकच्या सफरींची वर्णने वाचून त्यांच्या मनात दूरच्या लोकांविषयी जे कुतूहल जागे झाले, त्याचेच पुढे धर्मप्रेरणेत रूपांतर झाले. १७९२ साली त्यांनी एक पुस्तिका लिहिली. जगातील देश, त्यांची लोकसंख्या आणि धर्म यांचे तक्ते तिच्यात दिले होते. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग येथे मूठभर पाळकांनी मिशनरी संस्था स्थापन केली. जमलेला निधी होता १३ पौंड, २ शिलिंग आणि ६ पेन्स.

हिंदुस्थानात जायचे ठरले, तेव्हा डॉरथींनी साफ नकार दिला. त्या गरोदर होत्या. कॅरी थोरल्या मुलाला घेऊन एकटे निघण्यास सिद्ध झाले. जहाजाचा बेत काही कारणाने लांबला. तेवढ्यात डॉरथी बाळंत झाल्या आणि शेवटच्या क्षणी, बहीण बरोबर येत असेल तर, या अटीवर त्या कशाबशा तयार झाल्या. १३ जून १७९३ रोजी हे कुटुंब एका डॅनिश जहाजातून निघाले. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, त्यामुळे इंग्रजी जहाज मिळण्याची सोय नव्हती. ११ नोव्हेंबरला ते कलकत्त्यास पोहोचले.

त्या वेळचे कलकत्ता म्हणजे नुसते इंग्रजांचे आणि बंगाल्यांचे शहर नव्हते. आर्मेनियन व्यापाऱ्यांचे चर्च तेथे १७२४ पासून उभे होते. पोर्तुगीज वंशाच्या मिश्र कुळांची मोठी वस्ती होती. त्यांच्याखेरीज ग्रीक, चिनी, अरब, उत्तरेकडचे मुसलमान आणि बंदरावर उतरणारे नाना देशांचे खलाशी होते. मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने १७४२ साली या शहराभोवती खंदक खणण्यास प्रारंभ झाला. तो कधी पुरा झाला नाही, पण मराठा खंदक हे त्याचे नाव टिकले. ज्या शहराला मराठ्यांची ओळख अशी भयातून झाली होती, त्याच शहरासाठी साठएक वर्षांनी कॅरींनी मराठीचे व्याकरण लिहिले.

तोवर मात्र फार सोसायचे होते. सोबत आलेले डॉक्टर जॉन थॉमस भाबडे आणि उधळे होते. दोघांच्या निर्वाहाचा पैसा त्यांच्या हातून पाहता पाहता संपला. नीलू दत्त नावाच्या एका बंगाली सावकाराने माणिकतल्याच्या आपल्या बागेतील घर कॅरींना राहावयास दिले. परक्या शहरात पहिला आसरा मिळाला तो असा. मग सुंदरबनाच्या कडेला शेतीचा प्रयोग झाला, आणि १७९४ मध्ये मालद्याच्या बाजूस मुदनावती येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. तेथेच पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला. परक्या जातीच्या मुलाची कबर खणण्यास कोणी पुढे येईना. अखेर चार मुसलमान खणावयास तयार झाले. कॅरी स्वतः त्या वेळी तापाने अंथरुणाला खिळलेले होते.

डॉरथींचे मन या आघातातून कधीच सावरले नाही. १७९५ पासून त्यांना भ्रम होऊ लागले. पतीवर त्या भलतेसलते संशय घेत, भररस्त्यात ओरडत, क्वचित अंगावर धावून जात. पुढे त्यांना खोलीत बंद ठेवणे भाग पडले, आणि शेजारच्या खोलीत कॅरी आपल्या पंडितांसह भाषांतर करीत बसत. कॅरींनी पत्नीला वेड्यांच्या इस्पितळात पाठविण्यास नकार दिला आणि शेवटपर्यंत जवळ ठेवले, हे त्यांच्या पदरी घातलेच पाहिजे. तरीही या थोर कार्याची किंमत जिने मोजली, तिला ती मोजायची आहे का, असे धड कोणी विचारलेच नव्हते. १८०७ च्या डिसेंबरात डॉरथी निवर्तल्या. कॅरींच्या गौरवग्रंथांत त्यांना मिळते ती जागा फार अपुरी आहे.

१७९९ साली मार्शमन, वॉर्ड आदी नवे सहकारी इंग्लंडहून आले, तेव्हा कंपनीने त्यांना आपल्या हद्दीत वस्ती करू दिली नाही. कलकत्त्याहून हुगळीच्या प्रवाहाने सुमारे पंधरा मैल वर डेन्मार्कच्या ताब्यातील सेरामपूर हे छोटे ठाणे होते. (त्याचे मूळ नाव श्रीरामपूर, नगर जिल्ह्यातील गावाशी त्याचा संबंध नाही.) तेथील डॅनिश गव्हर्नर ओले बी यांनी या मंडळींना आश्रय दिला. १० जानेवारी १८०० रोजी कॅरीही मुदनावती सोडून तेथे आले. जोशुआ मार्शमन शिक्षक, विल्यम वॉर्ड मुद्रक, आणि हाना मार्शमन या साऱ्या घरच्या माउली. सर्वांचे जेवण एका पंक्तीला आणि सर्वांची कमाई एका पेटीत. आईवाचून रानटी वाढलेल्या कॅरींच्या मुलांना वळण लावले ते हाना मार्शमन आणि वॉर्ड यांनीच. पिता म्हणून कॅरी हयगयी होते.

पहिला दीक्षित मिळाला तो कॅरींच्या आगमनानंतर सात वर्षांनी. कृष्ण पाल हा सुतार खांदा निखळल्यामुळे उपचारासाठी आला. डॉक्टर थॉमसनी तो बसविला. ओळख वाढली आणि एके दिवशी कृष्ण पाल या मंडळींबरोबर जेवावयास बसला. त्या एका जेवणाने गावात जो क्षोभ उसळला, तो पुढच्या बाप्तिस्म्यापेक्षाही मोठा होता. जमावाने त्याला ओढीत न्यायाधीशापुढे नेले. न्यायाधीशाने त्याला निर्दोष सोडले. २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या पात्रात कृष्ण पाल आणि कॅरींचा थोरला मुलगा फेलिक्स या दोघांचा बाप्तिस्मा झाला.

सेरामपूरच्या मंडळीने एका बाबतीत तडजोड केली नाही आणि दुसऱ्या बाबतीत हट्ट धरला नाही. भोजनात आणि उपासनेत जातिभेद चालणार नाही, हा नियम कडक होता. दक्षिणेतील काही ठिकाणी ख्रिस्ती झाल्यावरही जातवार वेगळे बसण्याची मुभा असे; ती येथे नव्हती. १८०३ साली एका ब्राह्मण तरुणाचा विवाह कृष्ण पालच्या मुलीशी झाला. त्याच वर्षी गोकुळ नावाचा एक दीक्षित वारला. शवाला खांदा कोण देणार, हा पेच होता. मार्शमन, फेलिक्स, पूर्वीचा ब्राह्मण भैरव आणि पूर्वीचा मुसलमान पीरू अशा चौघांनी ती पेटी उचलली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक थक्क होऊन पाहत राहिले. दुसरीकडे, दीक्षितांनी आपली नावे बदलावीत असा आग्रह धरला गेला नाही. कृष्ण पाल अखेरपर्यंत कृष्ण पालच राहिला.

कलकत्त्यातील कामाचे वळण याहून निराळे होते. लाल बाजार ही दारूच्या गुत्त्यांची आणि खलाशांची वस्ती. तेथे उभारलेले प्रार्थनामंदिर १८०९ च्या प्रारंभी खुले झाले. बंगाली, आर्मेनियन, पोर्तुगीज कुळांतील गरीब लोक आणि किल्ल्यातील गोरे शिपाई तेथे एकत्र येत. इंग्रजी आणि बंगाली अशा दोन्ही भाषांत प्रवचने होत. कृष्ण पाल घरोघर फिरे, तुरुंगात जाई. पोर्तुगीज वंशाच्या मिश्र वस्तीतील मुले तर कोणाचीच नव्हती: गोऱ्यांच्या शाळेत त्यांना प्रवेश नाही आणि देशी पाठशाळेत जागा नाही. अशा मुलामुलींसाठी त्याच सुमारास एक मोफत शाळा काढण्यात आली. धर्मांतरितांची संख्या पाहिली तर हे सारे काम अल्पच म्हणावे लागेल. ज्यांना शहराच्या कोणत्याही आळीत ओढा नव्हता, अशांना बसावयास एक बाक मिळाला, एवढे मात्र निश्चित.

१८०१ मध्ये लॉर्ड वेलस्लीच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरींची बंगालीचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली. ज्या कंपनीने मिशनऱ्यांना दार बंद केले, तिलाच त्यांच्या भाषाज्ञानाची गरज लागावी, हा दैवाचा खेळच. इंग्लंडहून येणाऱ्या सोळा-अठरा वर्षांच्या मुलकी अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविणे हे काम. पगार दरमहा ५०० रुपये आणि पुढे प्राध्यापकपद मिळाल्यावर १,०००. त्यातील बहुतेक रक्कम सेरामपूरच्या सामाईक पेटीत जाई. दर आठवड्याला काही दिवस ते होडीने कलकत्त्यास येत, शिकवीत, प्रवचन करीत आणि परत जात. हा क्रम सुमारे तीस वर्षे चालला.

बंगालीच्या जोडीला संस्कृत आणि मराठी हे विषयही त्यांच्याकडे आले. बंगालीसाठी मृत्युंजय विद्यालंकार आणि रामराम बसू, तर मराठीसाठी वैजनाथ शर्मा हे त्यांचे सहकारी पंडित होते. कॅरींच्या नावावर जी ग्रंथसंपदा मोजली जाते, तिच्यात या पंडितांचा वाटा मोठा आहे. ते नसते तर यांतील एकही पुस्तक उभे राहिले नसते. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण सेरामपूरच्या छापखान्यात देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. खिळे पाडण्याची कला बंगालच्या पंचानन कर्मकार या कारागिराने तेथे रुजविली होती. १८१० साली मराठी-इंग्रजी कोश निघाला, तो मोडी लिपीत. मोडीचे खिळे मुद्दाम घडविण्यात आले. मग वैजनाथ शर्मांकडून सिंहासनबत्तिशी (१८१४), हितोपदेश (१८१५) ही गद्य पुस्तके तयार झाली. मुंबईत मराठी छपाईचा व्यवहार नीट सुरू होण्याआधीच हे घडले. मराठी ग्रंथमुद्रणाच्या आरंभीच्या खुणा शोधू लागलो, तर एक वाट तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्याकडे जाते आणि दुसरी हुगळीकाठी. दोन्ही महाराष्ट्राबाहेरच्याच.

कॅरींचे मराठी निर्दोष होते, असे मात्र नाही. त्यांचा मराठी नवा करार १८११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची भाषा अवघडलेली होती, आणि पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी नव्याने भाषांतर करून १८२६ मध्ये आपला नवा करार छापला. हेच त्यांच्या इतर अनेक भाषांतरांचे झाले. तीसहून अधिक भाषांत बायबल किंवा त्याचे भाग छापण्याचा सेरामपूरचा संकल्प माणसाच्या शक्तीबाहेरचा होता, आणि ज्या भाषा कॅरींनी कधी बोलल्या जाताना ऐकल्याही नव्हत्या, त्यांत घाई दिसून येते. त्यांचे खरे प्रभुत्व बंगालीवर होते. १८०१ चा बंगाली नवा करार ते पुन्हा पुन्हा दुरुस्त करीत राहिले, आणि त्यांच्या बंगाली कोशात सुमारे ८०,००० शब्द आहेत.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी सेरामपूरच्या छापखान्याच्या कागदगोदामाला आग लागली. वॉर्ड यांनी दारे-खिडक्या बंद करून छपरातून पाणी ओतीत आग जवळजवळ दाबून आणली होती. कोणीतरी खिडकी उघडली आणि वारा शिरताच ज्वाळा छपरापर्यंत गेल्या. चौदा भाषांचे खिळे वितळले. हस्तलिखिते राख झाली: तेलुगू व्याकरण, रामायणाच्या इंग्रजी भाषांतराचा भाग, आणि अनेक वर्षे खपून जमविलेला संस्कृताधिष्ठित बहुभाषी कोश. कॅरी त्या रात्री कलकत्त्यात होते. सकाळी मार्शमन बातमी घेऊन आले तेव्हा ते बराच वेळ बोलू शकले नाहीत. सुदैवाने खिळे पाडण्याचे साचे राखेत शाबूत सापडले. वितळलेला धातू वेचून कारागिरांनी पाळ्या लावून पुन्हा ओतकाम आरंभिले, आणि काही महिन्यांत छपाई पूर्ववत झाली. कॅरी त्या वेळी पन्नाशी ओलांडलेले होते. जळालेली बरीच भाषांतरे त्यांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिली. बहुभाषी कोश मात्र कायमचा गेला.

सतीची चाल त्यांनी प्रथम पाहिली ती १७९९ साली, हुगळीकाठच्या एका गावी. त्यांनी जमावाशी वाद घातला, त्या स्त्रीला विनविले. उपयोग झाला नाही. पेटत्या चितेवर बांबू दाबून धरलेले पाहून ते तेथून निघून आले. पण तो विषय त्यांनी सोडला नाही. नुसत्या संतापाने सरकार हलत नाही, हे त्यांना कळले होते. १८०३ मध्ये त्यांनी माणसे नेमून कलकत्त्याभोवतीच्या तीस मैलांच्या टापूत गावोगाव चौकशी करविली; एका वर्षात ४३८ स्त्रिया जाळल्या गेल्याची गणना हाती आली. कॉलेजातील पंडितांकडून त्यांनी शास्त्राधारही तपासून घेतले. सरकारकडे अर्ज गेले आणि तेथे पडून राहिले. पुढे १८१८ पासून राममोहन रॉय यांनी ही चळवळ बंगाली समाजाच्या आतून उभी केली, आणि तिला जे बळ आले ते परक्या मिशनऱ्याला कधीच आणता आले नसते. गंमत अशी, की धर्मतत्त्वांवरून राममोहन आणि सेरामपूरकर यांच्यात तेव्हाच कडाक्याचा वाद जुंपला होता.

४ डिसेंबर १८२९ रोजी लॉर्ड बेंटिंकने सतीबंदीचा कायदा मंजूर केला. त्याचा मसुदा बंगाली भाषांतरासाठी कॅरींकडे पोहोचला तो रविवारी सकाळी, ते प्रवचनाला निघण्याच्या बेतात असताना. रविवारची उपासना या माणसाने सहसा चुकविली नव्हती. त्या दिवशी त्यांनी अंगातला काळा डगला उतरवला, प्रवचनासाठी दुसऱ्याला धाडले आणि पंडिताला बोलावून घेतले. एका दिवसाच्या दिरंगाईत दोन-तीन जीव जातील, असा त्यांचा हिशेब होता. शब्द न् शब्द तोलून, संध्याकाळ होईतो भाषांतर पुरे झाले. तेव्हा त्यांचे वय ६८ होते.

मधल्या काळात सेरामपुरात बरेच काही उभे राहिले. १८१८ मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक आणि ‘समाचार दर्पण’ हे साप्ताहिक निघाले. भोवतालच्या खेड्यांत शंभराहून अधिक प्राथमिक शाळा चालत, आणि त्या बंगालीतून चालत. त्याच वर्षी स्थापन झालेल्या कॉलेजाचा प्रारंभ ३७ विद्यार्थ्यांनी झाला. जात किंवा धर्म पाहून प्रवेश नाकारायचा नाही, हे पहिल्यापासून ठरलेले होते, आणि ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या बाकावर हिंदू विद्यार्थीही बसले. आधी आपली भाषा आणि संस्कृत, मग पाश्चात्त्य विद्या, असा अभ्यासाचा क्रम होता. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने कॉलेजाला पदव्या देण्याची सनद दिली. ते कॉलेज आजही चालू आहे.

कॅरींचा विसावा म्हणजे त्यांची बाग. पाच एकरांत त्यांनी शेकडो जातींची झाडे लावली होती. इंग्लंडहून आलेल्या बियांच्या पिशवीची माती झटकली असता तिच्यातून डेझीचे एक रोप उगवले, तेव्हा त्यांना झालेला आनंद त्यांनी मित्रांना आवर्जून कळविला. १८२० साली त्यांच्या पुढाकाराने शेतकी व बागकामाची संस्था निघाली. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांचे हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील ग्रंथ त्यांनी संपादून छापले, आणि रॉक्सबर्ग यांनी एका वृक्षकुळाला कॅरींचे नाव दिले. सह्याद्रीत आपण ज्याला कुंभा म्हणतो, तो शास्त्रीय परिभाषेत कॅरेया होय. १८२३ च्या पुरात बागेचा मोठा भाग वाहून गेला. त्यांनी ती पुन्हा लावली.

डॉरथींच्या मागे त्यांनी शार्लट रूमोर या डॅनिश विदुषीशी विवाह केला. शार्लट अपंग होत्या, पण भाषा जाणणाऱ्या. तेरा वर्षांचा तो संसार सुखाचा झाला. १८२१ मध्ये त्या गेल्या, पुढल्या वर्षी फेलिक्सही गेला, आणि १८२३ मध्ये कॅरींनी ग्रेस ह्यूज यांच्याशी तिसरा विवाह केला. उतारवयात इंग्लंडमधील आपल्याच संस्थेशी मालमत्तेवरून तंटा झाला. लंडनच्या नव्या कारभाऱ्यांना सेरामपूरकरांची स्वतंत्र वृत्ती खुपत होती. १८२७ मध्ये दोन्ही बाजू विभक्त झाल्या. १८३० च्या सुमारास कलकत्त्याच्या पेढ्या बुडाल्या, त्यात मिशनचा पैसा अडकला, आणि त्याच काळात फोर्ट विल्यम कॉलेजातील प्राध्यापकांची पदेही बंद झाली. शाळांचे पंतोजी कमी करावे लागू नयेत, म्हणून म्हातारे कॅरी पत्रांमागून पत्रे लिहीत राहिले. बंगाली बायबलची अखेरची आवृत्ती १८३२ मध्ये त्यांच्या नजरेखालून गेली. नंतर त्यांना चालवेना. चाकाच्या खुर्चीत बसवून त्यांना बागेत नेत.

९ जून १८३४ रोजी पहाटे त्यांचे देहावसान झाले. इंग्लंड सोडल्यापासून एकेचाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नव्हते. शिंपले आणि खनिजे यांचा आपला संग्रह त्यांनी कॉलेजाच्या नावे केला होता. आपल्याला शार्लटच्या शेजारी पुरावे आणि दगड साधाच असावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा निघाली तेव्हा पाऊस पडत होता, आणि सेरामपूरचे गोरगरीब हिंदू-मुसलमान रस्त्याच्या कडेला उभे होते.